आईच्या परसातले दिवे

मी फाटकाजवळ ठोकलेला दिवा आईनं उपटला, टोकाला लागलेली माती गवताला पुसली आणि तो परत माझ्या हातात दिला.

“इथं नको,” ती म्हणाली.

“अगं, फाटकाशीच तर दिवा पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको?”

“येणाऱ्या-जाणाऱ्याचं मला काय करायचंय? मागच्या दारापासनं सुरू कर.”

आणि ती चपला फटफटवत घराला वळसा घालून मागं निघूनही गेली. मी दिव्यांचं खोकं उचलून तिच्या मागं गेले.

ही गोष्ट आजऱ्याची. तिला आता बरीच वर्षं झाली. गावाच्या टोकाला आमचं कौलारू घर, आणि घराच्या चारी बाजूंनी परस. फणस, पेरू, पपया, लिंबू, कर्दळ, अळवाचे वाफे, जास्वंदीचं कुंपण. सगळं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्तीनंतर स्वतःच्या हातानं लावलेलं. माझं कोल्हापुरात शिवणकामाचं दुकान. त्या आठवड्यात आईचा फोन आला, “शालन, उन्हावर चालणारं बागेतलं दिवं मिळत्यात म्हणं. घेऊन ये. चांगलं भरपूर आण.” संध्याकाळी आमच्याकडं नेमकी वीज जायची, तेव्हा मला वाटलं, त्यासाठीच असतील. दिवे साधेच होते. कमरेएवढी दांडी, खाली मातीत खोचायला टोक, डोक्यावर बशीएवढी काळी तबकडी. दिवसभर ऊन प्यायचं आणि अंधारू लागलं की कुणी बटण न दाबता आपोआप लागायचं.

मागच्या दाराशी आप्पा लाकडी हातोडा घेऊन तयारच होते.

“कुणाचं लगीन हाय?” त्यांनी विचारलं.

“लग्न नाही, आप्पा. बागेत दिवे लावतोय.”

“मग बरं झालं. लगीन म्हटलं की धावपळ.” आणि त्यांनी पहिला दिवा असा सरळ ठोकला की मला हात लावावा लागला नाही.

सकाळी आप्पा असे असायचे. आमची नावं चुकायची, जेवलो का नाही ते आठवायचं नाही, पण माणूस शांत. खरं दुखणं तिन्हीसांजेला सुरू व्हायचं. आप्पा, म्हणजे केरबा शिंत्रे, उभी हयात एस.टी.त ड्रायव्हर होते, आणि त्यातली बरीचशी वर्षं त्यांनी चिखलमाळची मुक्कामी गाडी चालवली. संध्याकाळची शेवटची गाडी. आजऱ्याहून निघायची, घाट चढायची, रात्रभर चिखलमाळला देवळापुढं मुक्काम करायची आणि सकाळी शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या घेऊन परत यायची. त्यामुळं आमच्या लहानपणी दिवेलागणीला आप्पा घरात आहेत असं एकही चित्र माझ्याकडं नाही. आई एकटी तुळशीपुढं दिवा लावायची आणि आम्हा दोघा भावंडांना जेवायला वाढायची.

आता डोक्यातलं बाकी सगळं पुसट झालं होतं, पण ती वेळ काही पुसली नव्हती. ऊन उतरलं की आप्पा बेचैन व्हायचे. खुंटीवरचा खाकी शर्ट घालायचे आणि “गाडी काढायची वेळ झाली” म्हणून बाहेर पडायचे. एकदा अंधार पडता पडता ते हिरण्यकेशीच्या पुलावर सापडले, रस्त्याच्या मधोमध चालत होते. समोरून आलेल्या ट्रकवाल्यानं गाडी कशीबशी थांबवली, म्हणून वाचले. त्यानंतर दादानं, माझ्या थोरल्या भावानं, बेळगावहून येऊन फाटकाला कुलूप घातलं. ते एकच संध्याकाळ टिकलं. आप्पा दोन्ही हातांनी फाटक हलवत होते आणि विनवत होते, “अरे, उघडा रे. माणसं स्टँडवर ताटकळल्यात. लेकुरवाळ्या बायका हाईत.” फाटकाच्या पत्र्यानं हात कापले तरी सोडेनात. शेवटी आईनं कुलूप काढलं आणि सरळ विहिरीत टाकलं.

“त्यांनी काय चोरी केलीया?” एवढंच ती म्हणाली.

दादा वाईट नव्हता. तो घाबरला होता. बेळगावला अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था होती, तिथं त्यानं जागा बघून ठेवली. आई रोज संध्याकाळी आप्पांच्या मागं अंधारात धावते, एक दिवस दोघंही जातील, असं त्याचं म्हणणं. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. आई भांडली नाही, रडली नाही. “रविवारपर्यंत थांब,” म्हणाली. आणि मग मला तो दिव्यांचा फोन केला.

तेव्हा त्या तीन दिवसांत ती जे करत होती, ते मला काही उमगेना. खोक्यावर लिहिलं होतं की दिवे सारख्या अंतरावर लावावेत. आई म्हणायची, “इथं दोन जवळजवळ घे.” पुढं लगेच, “आता लांबवर काही नको. थेट त्या पेरूपाशी.” फणसालगतच्या पपयांच्या वाफ्यात मी दिवे सरळ रेषेत लावले, तर तिनं ते काढून नागमोडी लावायला सांगितलं.

“आई, वाट सरळ असली की चालायला बरं.”

“वळणं पायजेत. ह्या पपईला वळसा, मग त्या पपईला. अगदी कट मारल्यावानी.”

“आणि पडला कुणी तर?”

“त्यासाठीच तर दिवं लावतोय की.”

वाटेवरचे दगड तिनं स्वतः वेचले. वाकून वाकून कंबर धरली, तरी मला वेचू दिले नाहीत. पावलानं चाचपून बघायची, एखादा खडा बोचला की काढून कुंपणाबाहेर भिरकावायची. एके ठिकाणी मात्र आम्ही अडलो. फणसाखाली दिवसभर सावली, तिथं दिव्यांना ऊनच मिळेना. मी म्हटलं, एक फांदी उतरवू. आई नाही म्हणाली, फणस आप्पांचा. मग मी कोल्हापूरला फोन करून तबकडी सुटी असलेले दिवे एस.टी.नं मागवले, न्हाणीघराच्या कौलांवर चढून तबकडी बसवली आणि वायर फांदीवरून खाली आणली. आई खाली शिडी धरून उभी होती. सारखी म्हणत होती, “नीट बांध. घाटात अंधार राहून चालायचं न्हाई.”

“घाटात?”

“फणसाखाली गं,” ती म्हणाली आणि तिकडंच बघत राहिली.

शुक्रवारी बाबालाल मुल्ला आले. आप्पांचे कंडक्टर. एका गाडीवर दोघांनी इतकी वर्षं काढली होती की आम्ही त्यांना मामा म्हणायचो. गुडघे दुखत होते, तरी काठी टेकत आले. आईनंच बोलावलं होतं. पेरूखाली खाटेवर बसून दोघं बराच वेळ बोलत होती. मी चहा घेऊन गेले तेव्हा मामा हसत होते. “नाही वहिनी, काजू कारखाना आधी, मग करंजओढा. ओढ्याला ती कोंबडीवाली म्हातारी चढायची. केरबा तिच्यासाठी गाडी पार डावीकडं कडेला लावायचा. बाकी कुणासाठी नाही.”

“आणि घाटात काय म्हणायचे?”

“घाटात बोलायचा नाही कुणाशी. मीसुद्धा गप. खिंड आली की मग म्हणायचा, चला, तंबाखू काढा.”

मला वाटलं, दोन म्हातारी माणसं जुन्या आठवणी काढताहेत. आप्पा जाणार म्हणून आई त्या गोळा करतेय. मी कप ठेवून आत निघून गेले. शनिवारी वाटाणे सोलताना ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. स्तोत्र असावं असं वाटलं. दिवे मात्र तिनं अजून चालू करू दिले नव्हते. प्रत्येक दिव्याच्या पोटात एक बारीक खटका होता. “दोन-तीन दिस नुसतं ऊन खाऊ देत,” म्हणाली. “आयत्या वेळी विझायला नकोत.”

रविवारी दुपारी दादा आला. गाडी त्यानं फाटकाबाहेर सावलीत लावली. आप्पांची पिशवी भरायला कपाट उघडलं, तेव्हा आई म्हणाली, “संताजी, आजची सांज होऊ दे. उजाडल्यावर ने, न्यायचं तर.”

“आई, रोजचंच आहे ते. तू का लांबवतेस?”

“एक सांज,” आई म्हणाली. दादानं कपाट बंद केलं.

ऊन फणसाच्या शेंड्यावर गेलं तेव्हा आईनं मला खटके लावायला पाठवलं. मी परसभर वाकत वाकत ते लावून आले. दिवे लागले नाहीत, अजून उजेड होता. दादा पडवीत उभा राहून बघत होता. मला म्हणाला, “एवढा खर्च कशाला केलास?” मी सांगितलं, आईला हवे होते.

मग आतून खुंटीचा आवाज आला. आप्पा खाकी शर्टाची बटणं लावत बाहेर आले. चेहरा तोच, रोज संध्याकाळचा. कपाळ आकसलेलं, नजर आमच्यातून आरपार.

“उशीर झाला,” ते म्हणाले आणि पुढच्या दाराकडं निघाले. दादा आडवा व्हायला पुढं सरकला.

तेवढ्यात मागच्या दारातून घंटी वाजली. देवघरातली. आणि आईचा आवाज आला, खणखणीत. असा आवाज मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

“चिखलमाळ. चिखलमाळ मुक्काम. गाडी मागच्या फलाटाला लागलीया.”

आप्पा थबकले. “मागच्या?”

“मागच्या फलाटाला, ड्रायव्हर. या लवकर, गाडी भरलीया.”

ते वळले आणि घरातून चालत मागच्या दारी गेले. आम्ही दोघं त्यांच्या मागं. आई पायरीखाली उभी होती. पदर कमरेला खोचलेला, खांद्याला पिशवी आडवी, हातात घंटी. तिच्या मागं परसात अंधार दाटत होता, आणि आम्ही बघत असतानाच पहिला दिवा लागला. मग त्याच्या पुढचा. मग पेरूपाशी एक.

आप्पा बघत राहिले. “मुल्ला कुठाय?”

“रजेवर. मी बदली कंडक्टर.”

“बाईमाणूस?”

“आता बायकाबी घेत्यात.”

आप्पांनी विचार केला. “चांगलं झालं,” ते म्हणाले. “बायका हिशेबात चुकत न्हाईत.”

आईनं दोनदा घंटी वाजवली आणि आप्पा चालू लागले. दोन्ही हात किंचित पुढं, जसे स्टिअरिंगवर असतात. आई त्यांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं. त्यांना धरत नव्हती. पहिल्या दिव्यापाशी एक घंटी. “सोनारवाडी. उतरा, सोनारवाडी.” आप्पा थांबले, मागं वळून बघितलं, माणसं उतरायला लागतो तेवढा वेळ थांबले. दोन घंट्या. पुढचा दिवा लगेच होता. “तिठ्ठा.” मग लांबपर्यंत काही नाही, दोघंही चालत राहिली, आणि पेरूपाशी, “काजू कारखाना.”

आता कुठं मला कळलं की एवढं अंतर का सोडलं होतं. दादाकडं बघितलं. त्याचं तोंड उघडंच होतं.

करंजओढ्याला आप्पा जरा डावीकडं सरकून उभे राहिले. “म्हातारी चढली का?”

“चढली.”

“कोंबड्या?”

“कोंबड्याबी. तिकीट मागत न्हाई कोंबड्यांचं.”

आप्पा हसले. कितीतरी महिन्यांत मी त्यांना संध्याकाळचं हसताना बघितलं नव्हतं.

फणसाच्या अलीकडं वाट जास्वंदीच्या कुंपणाजवळून जात होती. तिथून फाटक पाच-दहा पावलांवर. आणि नेमकी त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल उभी केली. तिचा दिवा फाटकाच्या फटीतून लख्ख आत आला. आप्पा थांबले. त्यांनी तोंड फिरवलं आणि दिव्यांची वाट सोडून त्या झोताकडं एक पाऊल टाकलं. मग दुसरं.

दादा धावला. आईनं नुसता हात आडवा केला, त्याच्याकडं न बघता, आणि तो जागच्या जागी थांबला. तिनं आप्पांना हातही लावला नाही. खालच्या आवाजात, एखादी घाबरलेली उतारू ड्रायव्हरला सांगेल तशी, ती म्हणाली, “ड्रायव्हर, घाट आला. माणसं भ्याल्यात. तेवढं सांभाळून घ्या.”

आप्पा झोताकडं बघत होते. मोटारसायकल निघून गेली का नाही, मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांनी खांदे सरळ केले.

“भ्यायचं काय त्यात,” ते म्हणाले. “मी हाय न्हवं.”

आणि ते वळले. फणसाखाली छोटे छोटे दिवे वळणावळणानं लागले होते. आप्पा सावकाश, एकेका पपईला वळसा घालत गेले. वळणावर तोंडानं बारीक हॉर्न द्यायचे. आई पूर्ण वेळ गप्प होती. पपया संपल्या तसे आप्पा म्हणाले, “खिंड आली. चला, तंबाखू काढा.” आईनं पिशवीतून चंची काढून पुढं केली.

तिथून उतार. वाट घराला पूर्ण वळसा घालून पुढच्या पडवीपाशी येत होती. मागच्या दारानं निघालेला माणूस पुढच्या दारी पोचत होता, आणि पडवीत मुद्दाम लावलेल्या दोन दिव्यांच्या उजेडात आमचं घर मलासुद्धा क्षणभर दुसऱ्या कुठल्या गावचं वाटलं. आईनं घंटी वाजवली.

“चिखलमाळ. मुक्काम.”

आप्पांनी हात खाली सोडले. एक मोठा श्वास टाकला. कपाळावरच्या आठ्या गेल्या.

पुढचं फार नाही. रात्री आप्पा पोटभर जेवले आणि झोपले. मी आईला विचारलं, तुला हे सुचलं कसं? ती भांडी विसळत होती. “ते उजेडाकडं जात्यात, मी बघितलंतं,” म्हणाली. “आजवर उजेड फाटकाबाहेर होता. म्हटलं, आत आणावा.” सकाळी दादा एकटाच बेळगावला गेला. जाण्याआधी त्यानं कुंपणाजवळ जास्वंदीची आणखी एक दाट ओळ लावली, फाटकाचा उजेड अडावा म्हणून. त्यानंतर आप्पा आणखी काही वर्षं होते, आणि फाटकाला कुलूप कधी लागलं नाही. पावसात दिवे कमी जळायचे, तेव्हा आई कंदील घेऊन पुढं चालायची. मी नाहीतर दादा गावी असलो की आम्ही उतारू व्हायचो. पण रोजची कंडक्टर तीच. ताप असला तरी तिनं ती फेरी चुकवली नाही.

मला मात्र सारखी आठवते ती पहिली संध्याकाळ, मुक्कामाला पोचल्यानंतरची. दादा आणि मी अंगणात अंधारात उभे होतो. आई दमली होती. घंटी मांडीवर ठेवून ती पायरीवर टेकली. आप्पा तिच्यासमोर उभे राहून, सभ्य माणसानं परक्या बाईकडं बघावं तसे बघत होते.

“बाई, तुमचं गाव कंचं?”

“हेच.”

“घरात कोण हाय?”

“मालक हाईत. एस.टी.त ड्रायव्हर.”

आप्पांनी समजून मान हलवली. “मग सांजचं कधी घरात नसतील.”

“नव्हतं कधी,” आई म्हणाली. “आता असत्यात.”

“मग जावा की घरात. माणूस वाट बघत असंल.”

“जाते,” आई म्हणाली, पण उठली नाही. थोड्या वेळानं आप्पाही तिच्या शेजारी पायरीवर बसले.